ड्रॅग रेसवाले अंगात गोधडी का घालतात

दिवाळीत फटाके उडवायला निघालं की घराघरात एक वाक्य ठरलेलं असतं, सुती कपडे घाल, नायलॉन नको. आमच्याकडे तर आजी दारात उभी राहून शर्टाचं कापड चिमटीत धरून बघायची. तेव्हा वैताग यायचा. नंतर कळलं की सुती कापड पेटतं आणि जळून राख होतं, पण नायलॉन आणि टेरिलीन वितळतं, वितळून कातडीला चिकटतं, आणि मग ते सोडवताना खालची कातडीही निघते. ड्रॅग रेसिंगच्या ड्रायव्हरचे कपडे कसे बदलत गेले ती गोष्ट या एवढ्याच मुद्द्यापासून सुरू होते, फक्त फुलबाजीच्या जागी तिथे अकरा हजार हॉर्सपॉवरचं इंजिन असतं.

आधी हा खेळ काय ते थोडक्यात. दोन गाड्या, सरळ रस्ता, हिरवा दिवा लागला की सुटायचं, जो आधी पोचला तो जिंकला. वळण नाही काही नाही. अंतर पूर्वी पाव मैल, म्हणजे साधारण ४०२ मीटर. सगळ्यात वेगवान दोन वर्ग म्हणजे टॉप फ्युएल, म्हणजे लांबलचक सांगाड्यासारख्या ड्रॅगस्टर गाड्या, आणि फनी कार, म्हणजे वरून नेहमीच्या गाडीसारखं झाकण असलेल्या, त्यांच्यासाठी २००८ मध्ये हे अंतर कमी करून १००० फूट केलं, कारण त्या वर्षी न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनला स्कॉट कॅलिटा हा ड्रायव्हर रेसमधल्या अपघातात मरण पावला. हे १००० फूट आता चार सेकंदांच्या आत संपतात आणि शेवटी वेग ताशी ५३० किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. आपण बुटाची नाडी बांधेपर्यंत रेस संपलेली असते.

या गाड्या पेट्रोलवर चालत नाहीत, नायट्रोमिथेनवर चालतात, आणि सगळी भानगड तिथे आहे. पेट्रोल जळायला बाहेरून भरपूर हवा लागते, एक किलो पेट्रोलला जवळपास पंधरा किलो. नायट्रोमिथेनच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, म्हणजे ते आपला डबा घरून घेऊन आल्यासारखं आहे, त्याला दोन किलोसुद्धा हवा लागत नाही. त्यामुळे तेवढ्याच इंजिनात कितीतरी जास्त इंधन कोंबता येतं आणि ताकद बेफाम वाढते. पण तेच इंधन इंजिनाच्या बाहेर आलं, पिस्टन फुटला, इंजिनात जोराने हवा कोंबणारा वरचा सुपरचार्जर उडाला, गरम तेल तापलेल्या एक्झॉस्ट पाइपांवर पडलं, की जी आग लागते ती विझवायला कुणी पळत येईपर्यंत ड्रायव्हर ताशी चार-पाचशेच्या वेगाने आणखी पुढे गेलेला असतो. म्हणजे मदत पोचेपर्यंतचा वेळ त्याला एकट्याने काढायचा असतो, आणि सूटचं काम एवढंच की तो वेळ विकत घ्यायचा. आगीपासून कायमचं वाचवेल असं कापड अजून कुणी बनवलेलं नाही. तीन सेकंद मिळतात की चाळीस, एवढाच प्रश्न.

सुरुवातीला हा प्रश्नच कुणाला पडलेला नव्हता. १९५० मध्ये कॅलिफोर्नियात सांता आनाच्या विमानतळाच्या धावपट्टीवर पैसे घेऊन रेस भरवायला सुरुवात झाली, १९५१ मध्ये वॉली पार्क्सने एनएचआरए ही ड्रॅग रेसिंगची संस्था काढली, आणि त्या काळातले फोटो बघाल तर ड्रायव्हर टी-शर्टात, फार तर लेदर जॅकेट, जीन्स, युद्धातून उरलेले गॉगल आणि तोंड उघडं राहील असं हेल्मेट. लेदर जॅकेट ही तशी वाईट निवड नव्हती बरं का, कातडं पटकन पेटत नाही. पण हात उघडे, चेहरा उघडा, मान उघडी. १९५९ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या चेस्टरला डॉन गार्लिट्सचा सुपरचार्जर फुटला आणि तो चांगलाच भाजला. हा साधासुधा गडी नव्हता, पुढे ज्याला सगळे बिग डॅडी म्हणायला लागले तो हाच.

त्यात गाडीची रचनाच अशी की आग सरळ ड्रायव्हरच्या अंगावर. तेव्हाच्या ड्रॅगस्टरला स्लिंगशॉट म्हणायचे, इंजिन पुढे आणि ड्रायव्हर अगदी मागे, मागच्या चाकांच्याही मागे, गलोलीत दगड बसवावा तसा. इंजिनातून काही उडालं, तेल असो, आग असो, लोखंडाचा तुकडा असो, वारा ते सगळं मागे घेऊन येणार, आणि मागे हा बसलेला.

मग पहिला उपाय आला तो अगदी घरगुती. सुती कपडे टाकणखार आणि बोरिक पावडरच्या पाण्यात बुडवायचे आणि वाळवायचे, हो, तीच बोरिक पावडर जी आपण कॅरमवर टाकतो. असं कापड लगेच पेट घेत नाही. पण हा मुलामा आहे, कापडाचा स्वभाव बदललेला नाही, एक धुणं झालं की मुलामा गेला, परत बुडवा. शिवाय अंगाला खाज, खरखरीत, काहींना त्याचा त्रास व्हायचा. १९६४ च्या मे महिन्यात शार्लटला फायरबॉल रॉबर्ट्स हा स्टॉक कारचा मोठा ड्रायव्हर आगीत सापडला आणि जुलैत गेला, त्याला दमा होता आणि त्या रसायनाचा त्रास व्हायचा म्हणून तो तसले कपडे घालायचा नाही असं सांगतात. त्याच मे महिन्यात इंडियानापोलिस ५०० या रेसमध्ये एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडॉनल्ड दोघं आगीत गेले. या दोन्ही रेस ड्रॅगच्या नव्हत्या, पण एकाच आठवड्यात हे दोन अपघात झाल्यावर अमेरिकेतल्या सगळ्याच रेसिंगवाल्यांना कपड्यांचा विचार करणं भाग पडलं.

ड्रॅगवाल्यांनी तोपर्यंत दुसराच रस्ता धरला होता, चांदीसारखे चमकणारे ॲल्युमिनियमचा थर दिलेले सूट. जिम डाइस्ट हा कॅलिफोर्नियातला माणूस, गाडी थांबवायचे पॅराशूट आणि हे सूट दोन्ही बनवायचा. साठच्या दशकातले फोटो शोधून बघा, ड्रायव्हर परग्रहावरून आल्यासारखे दिसतात, चंदेरी कोट, चंदेरी विजार, तोंडावर चंदेरी बुरखा आणि त्याला श्वास घ्यायला दोन बाजूंना फिल्टरचे डबे. पोळ्या गुंडाळायची फॉइल असते ना, तत्त्व तेच, लांबून येणारी धग आरशासारखी परत पाठवायची. पण फॉइलचा दोषही तोच, धग परतवते, थेट ज्वाळा येऊन चिकटली की धातूच तापतो आणि आत उष्णता पोचवतो, मग आतल्या अस्तरावर सगळी भिस्त. त्यावर तेल-काजळी बसली की चकाकी जाते आणि चकाकी गेली की निम्मा उपयोग गेला, घडी पडेल तिथे थर तडकतो तो वेगळाच.

आता या गोष्टीतला सगळ्यात अतरंगी माणूस, बिल सिम्पसन. १९५८ मध्ये अठरा वर्षांचा असताना ड्रॅग रेसमध्ये याचे दोन्ही हात मोडले आणि पडल्या पडल्या तो सुरक्षेचा विचार करायला लागला. काकाचं लष्करी जुन्या सामानाचं दुकान होतं, काका म्हणाला पॅराशूट लावून बघ, याने शिलाई मशीन भाड्याने आणलं आणि शिवलं. टेस्ट कुठे करायची, तर वस्तीतल्या रस्त्यावर मित्राबरोबर स्टेशन वॅगन दामटून. पॅराशूट गाडीच्या मानाने फारच मोठं निघालं, उघडल्यावर गाडीच उचलली गेली आणि जाऊन रोपवाटिकेत घुसली, आणि दोघांची रवानगी पोलीस कोठडीत. पण ही बातमी गार्लिट्सपर्यंत पोचली, त्याने ते पॅराशूट वापरून बघितलं आणि सिम्पसनचा धंदा उभा राहिला.

हाच सिम्पसन पुढे नासाच्या कामात असताना पीट कॉनरॅड या अंतराळवीराला भेटला, जो नंतर अपोलो १२ मधून चंद्रावर जाऊन आला. कॉनरॅडने त्याला एका नव्या कापडाबद्दल सांगितलं, ड्यूपॉन्ट कंपनीचं नोमेक्स. सिम्पसनने त्याचे सूट शिवले आणि १९६७ च्या इंडियानापोलिस ५०० ला ३३ पैकी ३० ड्रायव्हर त्याचे सूट घालून उतरले. तीनच वर्षांपूर्वी तिथे दोन माणसं जळाली होती, त्यामुळे फार समजावून सांगायची गरज पडली नसणार. लोकांची खात्री पटावी म्हणून हा पठ्ठ्या स्वतः सूट घालून स्वतःला पेटवून घ्यायचा, एकदा नाही, बऱ्याच वेळा. मार्केटिंग म्हणावं की वेडेपणा ते तुम्ही ठरवा.

नोमेक्समध्ये वेगळं काय, ते नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हे कापड नायलॉनच्या दूरच्या नात्यातलं आहे, पण नायलॉनचे रेणू सरळ लवचिक साखळ्या असतात, तापले की एकमेकांवरून घसरायला लागतात आणि कापड वितळतं. नोमेक्सच्या साखळीत मध्ये मध्ये कार्बनची सहा कोनी घट्ट कडी असतात, त्यामुळे ती घसरत नाही. साधारण ३७० अंशांच्या पुढे ते वितळत नाही, कोळसा व्हायला लागतं, आणि गंमत म्हणजे कोळसा होताना धागे फुगून जाड होतात, दोन धाग्यांमधल्या फटी बुजतात. म्हणजे आग लागली की कापड स्वतःच दार लावून घेतं. दुसरं म्हणजे हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो आणि नोमेक्सला जळत राहायला २८ टक्क्यांच्या आसपास लागतो, त्यामुळे ज्वाळा बाजूला झाली की ते आपोआप विझतं. आणि हा गुण धाग्यातच आहे, बोरिक पावडरसारखा वरून लावलेला नाही, शंभर वेळा धुतलं तरी जात नाही.

पण नुसतं पेटत नाही एवढ्याने भागत नाही, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. कापड पेटलं नाही तरी उष्णता आरपार जाते. तवा पेटलेला नसतो तरी चटका बसतोच की. म्हणून खरी कमाल कापडापेक्षा थरांची आहे, आणि आपल्याला हे समजायला गोधडी पुरे. गोधडीत जुन्या साड्यांचे थर असतात, एकेक साडी काय ऊब देणार, पण थरांच्या मध्ये अडकलेली हवा ऊब देते, कारण अडकलेल्या हवेतून उष्णता फार सावकाश जाते. गोधडी आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही, रेसिंग सूट बाहेरची आत येऊ देत नाही, काम एकच, दिशा उलटी. वरचा सूट अनेक थरांचा, मध्ये जाड नमद्यासारखं अस्तर, त्याच्या आत नोमेक्सची बनियन आणि पायजमा, डोक्यावर नुसते डोळे दिसतील असा त्याच कापडाचा टोपडा, मोजे, जाडजूड हातमोजे आणि बूट. एवढं घालून माणूस चालताना बघितला की बाळंतिणीला गुंडाळतात तसा दिसतो.

आणि म्हणूनच जिथे हवा दबते तिथे सूट कमी पडतो. खांद्यावर बेल्ट आवळलेला असतो तिथे, गुडघा वाकवला की तिथे कापड ताणून बसतं, तिथे थर एकमेकांना चिकटतात आणि चटका आधी तिथे पोचतो. घट्ट फिटिंगचा सूट छान दिसतो पण धोक्याचा, जरा ढगळच बरा. घामाचंही तसंच, ओल्या फडक्याने तवा उचलला की कोरड्यापेक्षा लवकर भाजतं हे स्वयंपाकघरात सगळ्यांना माहीत आहे, पाणी उष्णता पटकन पोचवतं आणि त्याची वाफ झाली तर आणखी वाईट. आतली बनियन घामाने चिंब असेल तर ते काही सेकंद कमी होतात.

हे सेकंद मोजतात कसे? अमेरिकेत एसएफआय फाउंडेशन नावाची संस्था १९७८ पासून हे मापदंड ठरवते, सूटसाठीचा मापदंड ३.२ए. कापडाच्या तुकड्याखाली ज्वाळा आणि धग अशी लावतात की एका चौरस सेंटिमीटरवर दर सेकंदाला २ कॅलरी उष्णता पडेल. ही कॅलरी म्हणजे १ ग्रॅम पाणी १ अंशाने तापवणारी छोटी कॅलरी, बिस्किटाच्या पुड्यावरची नाही, ती हजारपट मोठी. कापडाच्या पलीकडे सेन्सर असतो, माणसाच्या कातडीला फोड येईल, म्हणजे सेकंड डिग्री भाजेल, इतकी उष्णता पोचायला किती वेळ लागला ते तो सांगतो. तोपर्यंत एकूण किती कॅलरी ओतल्या तो आकडा म्हणजे टीपीपी, आणि दर सेकंदाला दोन कॅलरी असल्यामुळे टीपीपीला दोनने भागलं की सेकंद मिळतात, सोपा हिशोब.

आता बघा, ३.२ए/१ म्हणजे एक थराचा साधा सूट, टीपीपी ६, म्हणजे ३ सेकंद. ३.२ए/५ चा १९, म्हणजे जेमतेम १० सेकंद. ३.२ए/१५ चा ६०, म्हणजे ३० सेकंद. आणि सगळ्यात वरचा ३.२ए/२०, टीपीपी ८०, पूर्ण ४० सेकंद. तिरक्या रेघेनंतरचा आकडा म्हणजे थर नव्हेत आणि सेकंदही नव्हेत, ती फक्त पायरी, बरेच लोक २० म्हणजे वीस थर समजतात तसं नाहीये. तुम्ही किती वेगाने पळता त्यावर किती पायरीचा सूट लागतो ते नियमात लिहिलेलं असतं, हळू गाडीवाल्याला नुसतं हेल्मेट चालतं, जसजसा वेळ कमी होत जातो तसतसे थर वाढत जातात.

चाळीस सेकंद कशाला, चार सेकंदांची तर रेस? याचं उत्तर फनी कार. या गाडीत इंजिन अजूनही ड्रायव्हरच्या पुढे आहे, आणि वरून सबंध गाडीचा आकार देणारं एक मोठं झाकण, पूर्वी फायबरग्लासचं, आता कार्बन फायबरचं. इंजिन फुटलं की आग झाकणाखाली कोंडते आणि ड्रायव्हर त्या भट्टीत बसलेला. पॅराशूट सोडायचं, आग विझवायच्या बाटल्यांचा खटका ओढायचा, गाडी सरळ धरायची, थांबवायची, बेल्ट सोडायचा, छताच्या झडपेतून बाहेर पडायचं, आणि समोर धुराशिवाय काही दिसत नाही. हे सगळं मोजलं तर चाळीस सेकंद काही फार वाटत नाहीत. जॉन फोर्स हा फनी कारचा बादशहा १९९२ मध्ये मेम्फिसला असाच पेटला होता, बाहेर आल्यावर म्हणाला मला हजार फुटांवर एल्विस दिसला. मेम्फिस म्हणजे गायक एल्विस प्रेस्लीचं गाव, आणि तो तर कधीच गेलेला, विनोद लोकांना आवडला आणि अजून सांगितला जातो. शर्ली मल्डाउनी या ड्रायव्हरला मात्र फनी कारच्या आगी पुरे झाल्या, १९७३ मध्ये भाजल्यावर ती टॉप फ्युएलकडे वळली आणि १९७७ मध्ये त्या वर्गाची विजेती झालेली पहिली बाई ठरली.

टॉप फ्युएलमध्ये तोपर्यंत मोठा फरक पडला होता आणि तो कुठल्या शिंप्यामुळे नव्हे. ८ मार्च १९७० ला कॅलिफोर्नियात लायन्स स्ट्रिपवर गार्लिट्सच्या गाडीचा ट्रान्समिशन फुटला आणि त्याच्या उजव्या पावलाचा तुकडा गेला. हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या त्याने ठरवलं की इंजिन मागे टाकायचं, आणि १९७१ ला तशी गाडी घेऊन आला आणि जिंकलासुद्धा. माझ्या मते ड्रायव्हरला आगीपासून वाचवणारा सगळ्यात मोठा बदल हाच, कपड्यांनी जे वीस वर्षं भागवायचा प्रयत्न केला ते इंजिनाची जागा बदलून एका फटक्यात झालं.

आगीचं बरंचसं जमल्यावर मग लक्ष मानेकडे गेलं. पॅराशूट उघडलं की शरीराला पाच जी च्या आसपास झटका बसतो, म्हणजे डोकं आणि हेल्मेट मिळून पाच पट जड होऊन पुढे ओढलं जातं, धड मात्र बेल्टने बांधलेलं. अशा झटक्यांनी डोळ्याचा पडदा सुटतो, गार्लिट्सचा सुटला, जो अमाटो नावाच्या ड्रायव्हरने तर त्यामुळे २००० मध्ये रेसिंगच सोडलं. सरळ धडकेत कवटीचा तळ तुटू नये म्हणून मिशिगनचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचा मेहुणा जिम डाउनिंग यांनी ऐंशीच्या दशकात हान्स नावाचा कॉलर बनवला, खांद्यावर बसतो, हेल्मेटला दोन पट्ट्यांनी जोडतो. पण तो फक्त पुढे जाणारं डोकं धरतो. २००७ च्या मार्चमध्ये गेन्सव्हिलला टेस्टिंग करताना एरिक मेडलेनच्या फनी कारचं मागचं टायर इतकं भयानक थरथरलं की डोकं ड्रायव्हरभोवती असलेल्या पिंजऱ्याच्या नळ्यांवर दोन्ही बाजूंनी आपटत राहिलं, आणि चार दिवसांनी तो गेला. तेहतीस वर्षांचा होता. त्यानंतर डोक्याभोवतीचं पॅडिंग जाड झालं, पिंजरा बदलला. मनगटांना पट्टे बांधतात तेही याच जातीचं, गाडी उलटली तर हात पिंजऱ्याबाहेर जाऊ नयेत म्हणून.

कापडंही नोमेक्सवर थांबलेली नाहीत. ज्या धाग्यापासून कार्बन फायबर बनतो तोच अर्धवट भाजून केलेलं कापड आता वापरतात, कार्बनएक्स हे त्यातलं एक नाव. विचार साधा आहे, जे आधीच जळलंय ते परत काय जळणार. नुसतं ते नाजूक असतं म्हणून बळकटीसाठी त्यात केव्हलारसारखे धागे मिसळतात.

एवढा महागाचा सूट घेऊन लोक वाट कशी लावतात तर धुण्यात. फॅब्रिक सॉफ्टनर घालायचा नाही, त्याचा थर कापडावर बसतो आणि तो जळतो. ब्लीच नाही. तेल-इंधनाचे डाग घेऊन सूट तसाच घालायचा नाही, कारण मग नोमेक्स नाही पेटलं तरी डाग पेटतो. स्पॉन्सरचे बिल्ले साध्या पॉलिस्टर दोऱ्याने शिवायचे नाहीत, तो दोरा वितळून सुईच्या भोकातून आत येतो, आणि आरपार टाके घातले तर थर तिथेच दाबून टाकले.

आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन म्हणून ड्रॅग रेस भरतात, नायट्रो वगैरे नाही, आपल्या रस्त्यावरच्याच गाड्या आणि बाइक, बऱ्याचशा मॉडिफाय केलेल्या. कधी स्वतःची गाडी घेऊन उतरायचं झालं तर महागडा सूट नंतर बघा, नियमात काय लागतं ते आधी वाचा, आणि चमकदार ट्रॅकसूट आणि ड्राय-फिट टी-शर्ट घरी ठेवून जा, ते सगळं पॉलिस्टर असतं. फुल बाह्यांचं कॉटन घाला, आणि आतली बनियनसुद्धा कॉटनचीच.